उसना तोल

द्वारका तांडेलीण कानांमागे दोन बिल्ले चिकटवून वाळूत उभी राहिली, की आडवेळ गावच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत. पदर खोचलेला, पाय रोवलेले आणि तोंडातून एक शब्द नाही. तोंड मिटलेली द्वारकी गावाने त्याआधी कधी पाहिली नव्हती.

समोर, डावीकडच्या खडपाच्या कातळापलीकडे तिची सून निशिगंधा पाण्यावरून पळत असायची. पायांखाली फळी, अंगात फुगीर बंडी, कमरेला पट्टा, पट्ट्यातून निघालेल्या लांब दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला आभाळात चंद्रकोरीसारखा वाकलेला नारिंगी पतंग. किनाऱ्यालगतच्या पोवळ्यांच्या पट्ट्यात इंजिनाच्या होड्यांना बंदी आली, तेव्हापासून बुडत्याला काढायचं आणि सुटलेले बोये, पाण्यावर तरंगणारे खुणेचे पिंप, बांधायचं काम या पतंगवाल्यांकडे आलं होतं. त्यांचं नाव किनारा-राखण पथक. पथकाचा एक नियम कुणालाच मोडता येत नव्हता. किनाऱ्यावर आपला तोलकरी उभा असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.

हा तोलकरी कशाला हवा, ते डॉक्टर लोर्ना पिंटोने द्वारकीच्या ओसरीवर बसून तिला समजावलं होतं. माणसाच्या कानात आत, हाडाच्या पोटात तीन बारीक वाकड्या नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. डोकं कललं की ते पाणी हलतं आणि मेंदूला कळतं की आपण कलतोय. वाऱ्याच्या झोताने पतंगवाला उंच उचलला गेला आणि पाण्यावर आपटून गरगरला, की कानातलं पाणी अंग थांबल्यावरही फिरतच राहतं. मग वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. श्वासासाठी म्हणून माणूस तळाकडे पोहतो. घाबरून हातातली पतंगाची दांडी छातीशी ओढतो आणि दांडी ओढली की पतंगात वारा भरतो. तो बुडत्याला आणखी फरफटतो.

पथकाने आधी यंत्राचा तोल देऊन पाहिला होता. पोरं पाण्यातच ओकली. जिवंत माणूस काठीसारखा उभा नसतो, डॉक्टर म्हणाली, तो माडासारखा सारखा इवलासा हलत असतो, आणि मेंदू तसल्याच तोलाला आपला मानतो. म्हणून किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा तोल उचलायचा आणि कानामागच्या बिल्ल्यातून बारीक वीज सोडून तो पाण्यातल्याला उसना द्यायचा. अगदी थोडा वेळ. तेवढ्यात त्याला वर सापडतं, मग पतंग सापडतो.

पथकाने गावातली तालमीतली पोरं तपासली, योगासनं शिकवणारे मास्तर तपासले. द्वारकीला उभं केलं तेव्हा डॉक्टरने यंत्राच्या पडद्यावरची रेघ दोनदा तपासली. या बाईने उभा जन्म डोक्यावर मासळीची पाटी वाहिली होती. घाटी चढून, पऱ्ह्याच्या पाण्यातून उतरून, हात न लावता. पाटी कलली तर हात लावायचा नाही, मान तिच्याखाली न्यायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या मणक्यातच मुरलं होतं.

डॉक्टरने एक गोष्ट बजावली. ही देवघेव दोन्ही बाजूंनी चालते. दोघींचा मेळ बसावा म्हणून पडणारीच्या पडण्यातलं थोडं देणारीकडेही येतं. तिचा कान म्हणतो उभी आहेस, बिल्ला म्हणतो पडते आहेस. असं वारंवार झालं की मेंदूचा आपल्याच कानावरचा भरवसा उडायला लागतो. तरुण मेंदू एका झोपेत सावरतो. म्हातारा सावरेलच असं नाही. काकू, जरा जरी गरगरलं तरी मला सांगायचं.

गरगरतं ते दारुड्यांना, असं द्वारकी म्हणाली आणि चहाची कपबशी उचलून आत गेली.

तिने हे काम पत्करलं ते गावाच्या भल्यासाठी, असं ती सांगायची. गावही मान हलवायचं. खरी गोष्ट अशी होती की तिचा मुलगा प्रणित वादळात होडीसकट गेला, तेव्हा निशिगंधाचे आईबाप तिला न्यायला आले होते. पोर वयाने लहान, पदरात मूल नाही, मागे राहून करणार काय? निशिगंधाने पाण्यावरचं हे काम धरलं आणि म्हणाली, मी इथेच राहीन. तिला राहा म्हणायला द्वारकीने तोंड उघडलं नव्हतं. पण निशिगंधा त्या घरात राहिली ती पतंगामुळे, आणि पतंग उडत होता तो द्वारकीच्या मानेवर. हा हिशेब तिला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

घरात दोघींचं बोलणं म्हणजे द्वारकीचं बोलणं. कालवणात तिरफळं कमी पडली, नारळ जाड खवला, केस बांधलेस की गवताचा भारा. निशिगंधा हसून ऐकायची. ती ऐकायची ते वेगळंच. समुद्रात आपटून अंधार गोल फिरायला लागला, की कानामागे हलकेच चुरचुरायचं आणि आतून एक बाई तिच्या अंगात येऊन उभी राहायची. रुंद टाचांची, घट्ट पोटऱ्यांची, आधी किंचित दचकलेली आणि मग माडासारखी ताठ. ती बाई सांगायची, वर हे असं. मग हात आपोआप सैल व्हायचे. एकदा पाण्यातून येऊन निशिगंधा बोलून गेली, की आये, मी पडलंय की तू माझ्याआधी घाबरतंस. त्या दिवशी द्वारकीने तिच्याशी बोलणंच टाकलं. ताटात मात्र सुरमईचा मधला तुकडा निशिगंधाच्या भातावर होता.

आणि मग त्या बाजारच्या दिवशी पाटी घसरली.

द्वारकीने नेहमीसारखी चुंबळ डोक्यावर ठेवली, वर बांगडे भरलेली पाटी घेतली आणि अंगणातून निघाली. बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी, पाटी डावीकडे जाते आहे असं तिला वाटलं. मान तिच्याखाली न्यायला ती डावीकडे झुकली. पाटी कललीच नव्हती. सगळे बांगडे चिखलात गेले आणि कोंबड्या धावल्या. शेजारची रुक्मा धावत आली, तिला द्वारकीने तिथूनच परतवलं. मग घरात येऊन सुनेला धुतलं. चुंबळ कशी वळावी एवढं कळत नाही, फडकं ओलं ठेवलंस, माझी आयुष्यभराची पाटी आज तुझ्या हाताने सांडली. निशिगंधाने चुंबळ उचलून पाहिली. फडकं कोरडं होतं आणि वळलं होतं ते द्वारकीनेच. तिने ती खाली ठेवली आणि बांगडे वेचायला गेली.

त्यानंतर द्वारकी भिंतींच्या कडेने चालायला लागली. न्हाणीघरात कळशी ओतताना एक हात दगडावर. अंगण झाडायचं ते बसून. कुणी विचारलं तर गुडघ्याचं नाव पुढे करायची. गुडघे दुखण्यात कसली लाज नसते. तिला जग हळूहळू डावीकडे ओघळल्यासारखं वाटायचं. उघड्या डोळ्यांना दाराची चौकट सरळ दिसायची, म्हणून दिवस निभायचा. डोळे मिटले की अंथरूणही उतारावर लागायचं.

डॉक्टर ठरल्या वेळी तपासायला यायची. खोलीच्या मध्यावर डोळे मिटून उभं राहायचं, एवढीच परीक्षा. पण मध्यावर उभं राहायची लाज वाटते असं सांगून द्वारकी खाटेपाशी उभी राहायची. पायघोळ लुगड्याआड टाच खाटेच्या पायाला टेकवायची. टाचेला टेकू मिळाला की ती देवळातल्या समईसारखी सरळ. डॉक्टर खूश होऊन जायची. जाताना पुन्हा विचारायची, गरगरत नाही ना, काकू? मग द्वारकी तिला दोन सोललेले नारळ द्यायची.

त्याच सुमारास निशिगंधाला दक्षिणेकडच्या नव्या तळावरून बोलावणं आलं. तिथे मोठं पथक उभं राहत होतं आणि शिकवायला तिच्यासारखी हवी होती. ती जेवताना सांगून गेली आणि मीच नको म्हटलंय, असंही लगेच म्हणाली. तोलकरी माणसं बदलून चालत नाही म्हणे, आणि आयेला सोडून कुठे जाऊ. द्वारकी म्हणाली, माझ्यासाठी ऱ्हव नको, माका कोणाची गरज नाय. आणि त्या रात्री तिने देवापुढे चार घटका बसून मागितलं ते एवढंच, की माझा तोल अजून थोडा टिकू दे. तो गेला हे डॉक्टरला कळलं, तर पतंग उतरेल. पतंग उतरला तर ही पोर जाईल. मग या घरात मी कुणाला बोलू?

निशिगंधा पडली ती दुपार अशी काही वेगळी नव्हती. खारा वारा नेहमीसारखा जेवणानंतर सुटला. निशिगंधा बोये बघून परत येत होती. द्वारकी वाळूत एक जुनं वल्हं रोवून त्याला धरून उभी होती. शोभेला उभं केलंय, असं तिने पथकातल्या पोरांना सांगून ठेवलं होतं.

खडपाच्या तोंडाशी वारा एकदम दाबून आला. निशिगंधा फळीसकट उचलली गेली, माडाच्या उंचीवर गेली, आणि वाऱ्याने हात काढून घेतला. पतंग पुढे झेपावून पाण्यात आपटला. पाठोपाठ ती आपटली. पांढरा फेस उसळला आणि त्यात ती दिसेना.

द्वारकीच्या कानामागे चुरचुरलं. पायांखालची वाळू निघून गेली. तिला कळलं की पोर उलटीपालटी होतेय, पाण्याखाली, दांडी छातीशी घेऊन. पुढच्या क्षणी तिचा तोल तिकडे जायला लागला. इतकी वर्षं हे असंच व्हायचं. पण आज तो जायला लागताच तिला दिसलं की आपण काय पाठवतोय. आपला उभेपणा वाकडा आहे. आपण तिला सांगतोय, वर म्हणजे डावीकडे, खडपाकडे. आणि पोर ऐकत होती. भरवशाने ऐकत होती. फेसातून पतंगाची डावी बाजू ताणली गेली, दोरी वीणेच्या तारेसारखी टणक झाली आणि नारिंगी कापड फडफडत खडपाच्या दिशेला ओढू लागलं.

उभं राहायला आता द्वारकीकडे दोनच गोष्टी होत्या. वल्हं आणि ते बिल्ले. बिल्ल्यांतून पोरीचं अंग तिला लागत होतं, लेकराला कडेवर घ्यावं तसं. ते काढायचे म्हणजे तिला पाण्यात हातातून सोडायचं. समुद्राला एक दिला होता, आता दुसरं आपल्या हाताने. तिची सगळी हाडं म्हणत होती धरून ठेव. सरळ हो, अजून थोडी सरळ हो, मान तिच्याखाली ने. तिने एकदा प्रयत्नही केला. उजवीकडे झुकून पाहिलं. पण सरळ कुठे आहे तेच जिला कळत नाही तिने झुकायचं कुठे?

तिने दोन्ही बिल्ले उपटले. कातडी सोलली. हात वल्ह्यावरून सुटला आणि ती कुशीवर वाळूत पडली.

पडल्या जागेवरून तिला समुद्र उभा दिसत होता, भिंतीवर टांगल्यासारखा. फेसात काही हलत नव्हतं. मग खडपाकडे ओढणारी ती ताणलेली दोरी सैल पडली. पोरीने दांडी सोडली होती. आत कुणी सांगणारं उरलं नाही तेव्हा तिचे हात उघडले आणि दांडी दोऱ्यांवर लांब सरकली. पतंगातला वारा सांडून गेला. तो पाण्यावर नाक टेकवून मेल्यासारखा निपचित पडला आणि ओढ थांबली. अंगातल्या फुगीर बंडीने पोरीला आपलं आपण वर आणलं. काळं डोकं दिसलं. ते खोकलं, इकडेतिकडे फिरलं, पुन्हा खोकलं. तिने लगेच काही केलं नाही. लाटेबरोबर तरंगत आकाशाकडे बघत राहिली, आतलं पाणी शांत होईपर्यंत. मग एक बाजूची दोरी हळूच, अगदी हळूच ओढायला लागली. पतंगाचं एक टोक पाण्यातून सुटलं. ओला पंख थरथरला, कडेवर उभा राहिला, पाणी गाळत वाऱ्याच्या काठाकाठाने सरकला आणि उचलला गेला.

द्वारकीने तोंडातली वाळू थुंकली.

निशिगंधा आली ती पतंग कसाबसा खाली टाकून, धावत. कपाळ फुटलं होतं. पथकातली पोरं मागे होती, त्यांना तिने हातानेच थांबवलं. द्वारकी उठून बसली होती. तिने आधीच तोंड सोडलं. कानाक खाज सुटली म्हणून काढलंय, म्हणाली, आणि तू काय भूत बघितल्यासारखी बघतंस?

निशिगंधा तिच्यासमोर वाळूत बसली.

"आये," ती म्हणाली, "तुजां वर खंय आसा? ह्या बाजूक की त्या?"

द्वारकी लुगड्यावरची वाळू झटकू लागली.

"पाण्यात मी तू झालंय. नेहमी होतंय तशी. पण आज तू उभी नव्हतंस. तू पडत होतंस." तिने सासूच्या कानामागची सोललेली कातडी पाहिली. "रोज अशीच पडतंस? खाटेवर पण? न्हाणीत पण? कदीपासून गो?"

"माजा बघूक मी समर्थ आसंय," द्वारकी म्हणाली आणि उठायला गेली. तिला उठता आलं नाही. सुनेने काखेत हात घालून तिला उभं केलं. किनाऱ्यावरच्या बायकांनी ते बघितलं.

डॉक्टरने या वेळी खोलीच्या मध्यावर उभं केलं, खाटेपासून लांब. द्वारकी डोळे मिटताच कलंडली. डॉक्टरने तिला धरलं आणि धरूनच ठेवलं. ओरडली नाही. एवढंच विचारलं की का सांगितलं नाहीत, काकू. मग सांगितलं की गेलेलं बहुतेक परत यायचं नाही. काठी घ्यायची, उजेडात चालायचं, एकटीने विहिरीवर जायचं नाही. आणि जरा वेळाने, जणू स्वतःलाच सांगावं तसं, ती म्हणाली की आपल्या पोरी दांडी सोडायलाच विसरल्या होत्या. उसना तोल येणार म्हणून वाट बघत धरून ठेवायच्या. हे सगळीकडे पुन्हा शिकवायला हवं. आणि ते सांगू शकेल अशी एकच आहे.

निशिगंधा म्हणाली, मी कुठेही जात नाही.

पुढचे दिवस तिने सासूला तळहातावर ठेवलं. न्हाणीपर्यंत धरून नेलं, परसात धरून नेलं, देवळात धरून नेलं. ताट हातात दिलं. रुक्माने येऊन सुनेचं कौतुक केलं, लेक करणार नाही एवढं करते म्हणाली. द्वारकी ऐकत होती. जी बाई चढणीवर डोक्यावरच्या पाटीला हात लावत नसे, तिला आता सून उंबऱ्यावरून उचलून ठेवत होती. पोरीचा पतंग माळ्यावर गुंडाळून ठेवला होता. सुटलेल्या बोयांची बातमी आली की पोर दारात जाऊन वाऱ्याकडे बघायची आणि मग डाळ निवडायला बसायची.

एका सकाळी निशिगंधाने तिचे केस विंचरायला घेतले. द्वारकीने फणी काढून घेतली.

ती भिंत धरून उभी राहिली. सुनेकडे तोंड केलं. जे बोलायचं ते तिने मनात घोळवून ठेवलं होतं.

"माजो झील गेलो," ती म्हणाली. "तो गेलो तेव्हाच तुजां माजां सपलां. तू हंय ऱ्हवलंस ता पतंगासाठी, मी ठेवून घेतलंय ता पथकासाठी. आता दोन्ही नाय. परक्या पोरीन माका न्हाऊ घातलेलां माका खपाचां नाय. दक्षिणेक जा. माज्या घरात माका दुसरां माणूस नको."

निशिगंधा तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती खाली, तिच्या पायांकडे बघत होती.

"आये, तू खोटां बोलतंस तेव्हा उजवी टाच घट्ट रोवतंस," ती हळूच म्हणाली. "माका आतून म्हायती आसा."

द्वारकीने टाच सैल करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एक भिंतीला धरून आणि एक मोकळी. निशिगंधाला पुढे यायचं होतं हे दिसत होतं. ती आली असती तर द्वारकीने भिंत सोडली असती. पण पोरीने इतक्या वर्षांत त्या अंगात उभी राहून एक गोष्ट ओळखली होती, की या बाईला कुणी धरलं तर ती मोडेल. तिने हात मागे घेतले. मग आत जाऊन माळ्यावरून पतंग काढला.

गेली ती आठवड्याच्या बाजारी, लोकांच्या गर्दीत. द्वारकीने तिला वाटेसाठी मासे तळून दिले आणि मीठ जास्त पडलंय, तुझ्यासारखंच केलंय, असं सांगितलं. निशिगंधा पाया पडली. वाकलेल्या तिच्या डोक्यावर द्वारकीने हात ठेवला आणि तो उचलायला तिला जरा वेळ लागला. बघणाऱ्यांना वाटलं आशीर्वाद देतेय.

घर रिकामं झालं. डॉक्टरने पाठवलेली काठी कोपऱ्यात उभी होती. द्वारकीने दोन दिवस तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कुंपणाच्या आधाराने, मग होड्यांच्या आधाराने, आणि शेवटचा मोकळा पट्टा बसत बसत ओलांडून पाण्यापर्यंत गेली. लुगड्यानिशी आत शिरली. घोटे, गुडघे, मग कंबर.

कमरेएवढ्या पाण्यात तिने पाय रोवले. लाट आली, ती मागे झुलली. लाट गेली, ती पुढे झुलली. पाण्याने चारी बाजूंनी तिला धरलं होतं आणि त्याच्या धरण्याची तिला लाज वाटत नव्हती. इथे कुणीच सरळ उभं नसतं. डोंगर हलत होता, होड्या हलत होत्या. ती किती वाकडी आहे ते किनाऱ्यावरून कळत नव्हतं.

दक्षिणेकडचं आभाळ मोकळं होतं. तिने तिकडे डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं.

रुक्माने वाळूतून हाक मारली, एवढ्या सकाळी एकटी पाण्यात काय करतंस गो, म्हणून.

"उभी आसंय," द्वारकी म्हणाली.